महिन्याचा पहिला शुक्रवार, नऊ माणसं आणि एक बिल

बोरीबंदर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आमचं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. कस्टम्स क्लिअरिंगचं काम, म्हणजे सकाळपासून बिल ऑफ एंट्री, ड्यूटी आणि 'आमचा कंटेनर कुठे अडकला' असे फोन. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही नऊ जण बाहेर जेवायला जातो. पगार नुकताच झालेला असतो, म्हणून पहिला. प्रथा कोणी पाडली आठवत नाही, पण कॉन्ट्री गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण एकदा मी ते केलं. (ऑफिसात एकदा केलेलं काम जन्माला चिकटतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.)

गेल्या महिन्यात फोर्टातल्या एका एसी हॉटेलात गेलो. सुरमई तवा, कोळंबीची गस्सी, नीर डोसे, चौघांची बिअर. आमच्याकडे एक नवीन मुलगा आलाय, एजन्सीमार्फत, कॉन्ट्रॅक्टवर. त्याने दहीभात आणि पापड घेतला. बिल आलं ६,८४० रुपये. मी मोबाइलवर भागिले नऊ केलं, 'सातशे साठ प्रत्येकी' असं जाहीर केलं आणि क्यूआर कोड पुढे धरला. माझ्या फोनवर धडाधड पैसे आल्याचे आवाज. पहिला आवाज त्याच्या पैशांचा.

त्याने सगळ्यांच्या आधी पैसे दिले, हे मला रात्री ओटा आवरताना खटकलं.

या महिन्यात निघताना तो म्हणाला, "मॅडम, पोट बिघडलंय, तुम्ही जाऊन या." परत आल्यावर मी पॅन्ट्रीत चहाला गेले, तर हा डब्यातली मटकीची उसळ चपातीशी खात बसलेला. बिघडलेल्या पोटाला मटकी?

तर प्रश्न दोन. एक, त्याला अवघडल्यासारखं न होता हे कसं सोडवायचं? आणि दोन, फोर्टच्या आसपास तासाभरात जेवून परत येता येईल अशा जागा सुचवा. नऊ जणांत मासेखाऊ चार, एक जैन मैत्रीण, एक लखनौचा, बाकी मिळेल ते खाणारे.

आंबट_चुका

टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. विषय संपला.

बोरीबंदर

@आंबट_चुका, नऊ जणांचं टीटीएमएम करून बघा एकदा. पापड कोणाचा, जास्तीचा नीर डोसा कोणी मागवला, यात साडेतीन वाजतात. शिवाय वेटर नऊ बिलं करून देत नाही.

माटुंगेकर

जागा सुचवतो, बाकीचं शहाणी माणसं बघतील.

बाजारगेट गल्लीत पंचम पुरीवाला, सीएसएमटीपासून चालत. पुरीभाजी, थाळी, पंधरा मिनिटांत मोकळे. नऊ जणांना एकत्र टेबल मिळेल ही आशा सोडा, तीन-तीनच्या तुकड्या करा. दुसरं म्हणजे स्टेट बँकेच्या मागची खाऊगल्ली, पण ती उभ्याउभ्याची. पावसाळ्यात एका हातात छत्री, एका हातात चायनीज, आणि तिसरा हात देवाने दिलेला नाही.

तिसरी जागा हाफ डे असेल तरच. माटुंगा स्टेशनबाहेर रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं. केळीच्या पानावर जेवण. आधी पैसे भरून कूपन घ्यायचं, मग बाकावर नंबरची वाट बघायची. सोमवारी बंद. सीएसएमटीहून स्लो लोकलने वीसेक मिनिटं. जेवल्यावर ऑफिसात काम होईल याची हमी मी घेत नाही.

टीमलीड_बिचारा

धागा वाचून राहवलं नाही. मी दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे 'साहेब' या बाजूला, पगार सोडून.

सुरुवातीला मीच बिल द्यायचो. मग लक्षात आलं की मी इडली मागवली की सगळ्यांची इडली, मी मसाला डोसा मागवला की सगळ्यांचा मसाला डोसा. साहेबांच्या वर कोणी जायचं नाही. एकदा मला खरोखर भूक नव्हती, मी नुसतं ताक घेतलं, तर सहा माणसं ताक पिऊन परत आली. त्या दिवशी चार वाजता अख्खी टीम खाली वडापावच्या गाडीवर सापडली, मला बघून पांगली.

तेव्हापासून मी सगळ्यांत शेवटी ऑर्डर देतो. तरी वेटर मलाच आधी विचारतो. माझ्या केसांमुळे असेल, जे नाहीत.

सहा_पस्तीसची_कसारा

@बोरीबंदर ताई, तो मुलगा मी होतो. म्हणजे तुमच्या ऑफिसातला नाही, पण तोच.

२०१६ ते २०१९ मी अंधेरीत एका कंपनीत थर्ड पार्टी पेरोलवर होतो, म्हणजे काम कंपनीचं, पगार एजन्सीकडून. हातात साडेतेरा हजार. टीम छान होती, कोणी वाईट नव्हतं, हे आधी सांगतो. दर महिन्याला लंच. मी काय करायचो, तर बाराच्या सुमारास 'जरा खाली जाऊन येतो' म्हणून स्टेशनबाहेर दोन वडापाव खाऊन यायचो. म्हणजे हॉटेलात 'मला फारशी भूक नाही' म्हणताना खोटं बोलावं लागायचं नाही. मग मी सूप घ्यायचो. सूप हळूहळू पिता येतं. आणि शेवटी बिलाचे समान भाग व्हायचे तेव्हा मीही पटकन द्यायचो, तुमच्या मुलासारखा. कारण जो उशिरा देतो त्याच्याकडे सगळे बघतात.

लोक म्हणतील, बोलायचं ना मग. काय बोलायचं? 'मी फक्त सूप घेतलं' असं म्हटलं की पुढच्या महिन्यात सगळे 'अरे तू घे, तू घे, आम्ही देतो' करतात. ते सातशे रुपयांपेक्षा महाग पडतं.

आमच्याकडे एक बाई होत्या, अकाउंट्समधल्या, रिटायरमेंटला आलेल्या. त्यांनी एकदा न सांगता एक गोष्ट केली. हॉटेल ठरवायच्या चर्चेत त्या म्हणाल्या, "मला हल्ली जड झेपत नाही, आपण थाळीच्या जागी जाऊ." पुढे दर महिन्याला त्यांना जड झेपत नव्हतं. मी कायम झाल्यावर पार्टी दिली, तेव्हा त्याच बाईंनी मटणाच्या दोन वाट्या वाढून घेतल्या. तेव्हा मला कळलं.

आंबट_चुका

@सहा_पस्तीसची_कसारा, माझा प्रतिसाद मागे घेतो.

हिशेबनीस

@बोरीबंदर, बिलाचा फोटो असेल तर सांगा. चौघांची बिअर किती? आणि खाली सर्व्हिस चार्ज लावलाय का?

बोरीबंदर

फोटो आहे. बिअर १,५००. जेवणाचं ४,३६४. सर्व्हिस चार्ज ५८६. मग टॅक्स. हॉटेलचं नाव नाही लिहीत, जेवण उत्तम होतं.

हिशेबनीस

घ्या. आता मांडतो.

बिअर १,५००, तिच्यावर व्हॅट १५०, झाले १,६५०. भागिले नऊ, १८३ रुपये ३३ पैसे. म्हणजे दहीभात खाणाऱ्या मुलाने दुसऱ्यांच्या बिअरसाठी १८३ रुपये दिले. तुमच्या जैन मैत्रिणीनेही दिले. आणि तुम्ही पीत नसाल तर तुम्हीही.

दारूवर जीएसटी नसतो, तिला राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे तो हिशेब बिलात वेगळा दाखवावाच लागतो. याचा फायदा घ्या. बसतानाच वेटरला सांगा, दारूचं बिल वेगळं फाडा. याला कोणी नाही म्हणत नाही, आणि पिणाऱ्यालाही वाईट वाटत नाही. पिणाऱ्याला फक्त दुसरी मागवताना विचार करावा लागतो, जे चांगलंच आहे.

सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही. हॉटेलने आपणहून बिलात घालून तो सक्तीने घ्यायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. 'काढा' म्हणायचं, शांतपणे. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. टिप द्यायची तर वेटरच्या हातात रोख द्या.

जाता जाता. जुन्या लोकांना आठवत असेल, एसी आणि नॉन-एसीचा टॅक्स वेगळा असायचा. जीएसटी आला तेव्हाही, जुलै २०१७ ला, एसीत १८ टक्के, नॉन-एसीत १२. मग १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांना सरसकट ५ टक्के झाला. टॅक्स एक झाला, तरी वरच्या मजल्यावरच्या एसीतला डोसा खालच्यापेक्षा महागच. भटारखाना एकच. थंडाव्याचे पैसे तुम्ही देताय, चटणीचे नाही.

बोरीबंदर

१८३ रुपये. अरे देवा.

गोदीकाका

मी बॅलार्ड इस्टेटलाच बत्तीस वर्षं काढली, गोदीच्या नोकरीत. त्यामुळे धागा उघडताच ब्रिटानियाचा बेरी पुलाव नाकात शिरला.

ब्रिटानिया म्हणजे इथलं जुनं पारशी हॉटेल, १९२३ सालचं. आमच्या वेळी मालक बोमन कोहिनूर स्वतः टेबलापाशी येऊन ऑर्डर घ्यायचे, तुम्ही काय खायचं हेही तेच ठरवायचे, आणि सोबत फ्रेश लाइम सोडा घ्याच म्हणायचे. २०१९ मध्ये ते गेले, वय ९७. पुलावातली ती आंबट लाल फळं इराणहून येतात. इतकी वर्षं खाऊनही मी शेवटचा घास त्या फळांचाच राखून ठेवायचो.

पण सांगायचं ते वेगळंच. आम्ही दर पगाराला नाही जायचो. आमच्या सेक्शनमध्ये एक पत्र्याचा डबा होता, बिस्किटांचा. पगाराच्या दिवशी ज्याला जे जमेल ते त्यात टाकायचं. पाच टाका, वीस टाका. कोण किती टाकतो हे बघायचं नाही, डब्याला वरून फट पाडलेली होती. पैसे पुरेसे जमले की जेवण. कधी तीन महिन्यांनी ब्रिटानिया, कधी दीड महिन्यात नुसता ऑम्लेट आणि ब्रुन पाव. आमचे हमाल-मुकादम आणि हेडक्लार्क एकाच टेबलावर बसले ते त्या डब्यामुळे.

त्या डब्यात कोणी एकदा परदेशी नाणं टाकलं होतं. गोदीतच नोकरी, कोणत्या तरी खलाशाकडून आलं असणार. वीस वर्षं आम्ही एकमेकांवर संशय घेतला.

उत्रेख्तवाडी

इथे नेदरलँड्सला असला प्रश्नच येत नाही, कारण दुपारी बाहेर जेवायला कोणी जातच नाही. पाव, चीज, एक सफरचंद, डेस्कवर. मी पहिल्या आठवड्यात डब्यात भरल्या वांग्याची भाजी नेली, तेव्हापासून माझ्या टेबलाभोवतीची हवा बदलली. दोन्ही अर्थांनी.

आणि कधी बाहेर गेलोच तर संध्याकाळी टिकी येते. टिकी म्हणजे बँकेचं पैसे मागायचं अॅप, २०१६ पासून सगळा देश त्यावर चालतो. मला सहकाऱ्याने कॉफीची २ युरो ४० सेंटची टिकी पाठवली आहे. पहिल्यांदा अपमान वाटला. आता मीही पाठवते. खरं सांगू, डोक्याला शांतता आहे. कोणी कोणाचं देणं लागत नाही.

नुस्तेंखाऊ

@उत्रेख्तवाडी, कोणी कोणाचं देणं लागत नाही हे वाचून अंगावर काटा आला हो. मग दुसऱ्या दिवशी बोलायचं कशावर?

आमच्या पणजीत सरकारी कचेऱ्यांचा सोपा मामला. एक वाजला की नुस्त्याची, म्हणजे माशांची थाळी. रिट्झ क्लासिक हॉटेलात एक वाजता गेलात तर जिन्यावर उभे राहा, जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभे राहून त्याचं सोलकढीचं पेलं कधी रिकामं होतं ते बघा. साडेबाराला गेलात तर राजासारखे बसा. शीत (भात), कोडी (कालवण), किसमूर (सुक्या माशांची कोशिंबीर), तिसऱ्यो (शिंपल्या), एक तळलेला तुकडा. थाळीचा दर ठरलेला. जास्तीचा इसवण, म्हणजे सुरमई, हवा तर तुझ्या खिशातून. यात वाटणी कसली करायची?

श्रावणसर

एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. ताईंच्या ऑफिसात लखनौचा सहकारी आहे ना? मग जुलैपासून सांभाळा.

आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आमच्या ऑफिसात गटारीचं जेवण ठरलं. टेबल बुक केलं. बनारसचा मिश्रा म्हणतो, माझा सावन कधीच चालू झाला. आम्ही म्हणतो, अरे पण आज तर गटारी! तो म्हणतो, गटारी म्हणजे काय? त्याला काय समजावणार. त्याच्या पंचांगात तो पवित्र महिन्याचा मध्य, आणि आम्ही त्या दिवशी कोंबडीचे पाय ओढतोय.

मग त्याचा सावन राखीपौर्णिमेला संपला, तो 'चला कबाब' म्हणायला लागला, तेव्हा आमचा श्रावण अर्धा बाकी. मग जैन मंडळींचं पर्युषण, मग गणपती, मग पितृपक्ष. आमचं ते गटारीचं जेवण अखेर दसऱ्यानंतर झालं. मंगळवारी ठरलं म्हणून दोघं तेव्हाही गळाले.

आंबट_चुका

दादरला गेलात तर आस्वादची मिसळ. उपवास नसेल तर.

वाडेकर_पुणे_३०

मिसळीला दादर? हसावं की रडावं.

माटुंगेकर

आला. वाटच बघत होतो.

वाडेकर_पुणे_३०

मी फक्त सत्य मांडलं. पावाऐवजी ब्रेड देणारं शहर कोणतं हा वेगळा धागा होईल.

माटुंगेकर

ते तुमचंच शहर आहे, वाडेकर.

व्यवस्थापक

मिसळीसाठी चार धागे आधीच आहेत, त्यातले दोन याच कारणाने बंद करावे लागले. इथे विषयावर या.

सहा_पस्तीसची_कसारा

नुस्तेंखाऊंनी आणि आमच्या अकाउंट्सच्या बाईंनी एकच सांगितलंय, लक्षात आलं का? थाळी, राईस प्लेट, कूपन. जिथे एका माणसाचं एक ताट आणि एका ताटाचा एक दर, तिथे प्रश्न येतच नाही. प्रश्न येतो तो 'आपण सगळं मध्ये मागवू आणि शेअर करू' म्हणणाऱ्या हॉटेलात. तिथे जो जास्त खातो तो मोकळेपणाने खातो आणि जो कमी खातो तो मोकळेपणाने भरतो.

आणि ताई, त्याच्याशी बोलायला जाऊ नका. कृपा करून बाजूला घेऊन समजूत घालू नका. नुसती जागा बदला.

टीमलीड_बिचारा

+१. आणि ही सूचना ताईंकडून येऊ द्या, वरून आली की लगेच 'कॉस्ट कटिंग'ची अफवा उठते.

गोदीकाका

डब्याला फट मात्र ठेवा.

बोरीबंदर

मंडळी, काल पहिला शुक्रवार होता. वृत्तांत देते.

बुधवारी चहाच्या वेळी मी सहज म्हटलं, मला एसी सोसत नाही हल्ली, घसा धरतो, या वेळी खानावळीत जाऊ. आमच्यातला बिअरवाला म्हणाला, मॅडम, तुमच्या डेस्कवरचा एसी तर सतरावर असतो. मी त्याच्याकडे बघितलं. तो पुढे काही बोलला नाही.

बाजारगेटच्या आतल्या बाजूला एक जुनी खानावळ आहे, तिथे गेलो. दोन टेबलं मिळाली, पाच आणि चार. भिंतीवर खडूने लिहिलेलं, मासे थाळी, शाकाहारी थाळी, समोर दर. जैन मैत्रिणीचं मनात होतंच, तिनेच सांगितलं, मी माझे ठेपले आणलेत, मालकाला विचार. मालक म्हणाला, बसा हो ताई, ताक देतो. लखनौवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा बोंबील खाल्ला आणि विचारलं, "इसका काँटा कहाँ है?" आम्ही चौघींनी एकदम सांगितलं, चावून टाक.

तो आला. 'पोट बरं आहे का' असं मी विचारलं नाही (@सहा_पस्तीसची_कसारा, तुमचं ऐकलं). त्याने मासे थाळी घेतली. म्हणजे हा शाकाहारी नव्हताच! बांगड्याचा मसाला त्याने असा पुसून खाल्ला की ताटाला विसळायची गरज नव्हती. वरून जास्तीचा भात घेतला, दोनदा. मूळचा वेंगुर्ल्याचा निघाला, आणि सोलकढीत लसूण जास्त पडलाय असं मालकाला तोंडावर सांगितलं. मालकही तिकडचाच. मग आमची दहा मिनिटं त्या दोघांच्या मालवणीत गेली.

प्रत्येकाने गल्ल्यावर आपापले पैसे दिले. मी क्यूआर कोड काढलाच नाही. दोन वाजून पाच मिनिटांनी ऑफिसात.

बिस्किटाचा डबा मिळाला नाही, हल्ली सगळी बिस्किटं प्लॅस्टिकात येतात. एक कॉफीची बरणी पॅन्ट्रीत ठेवलीय, झाकणाला मीच सुरीने फट पाडली आणि बोट कापून घेतलं. पुढच्या वेळी कबाबाचं जेवण त्यातून.

एक घोटाळा मात्र झाला. घरी सासूबाईंना सांगायचं विसरले. त्यामुळे डबेवाला पावणेएकला नेहमीप्रमाणे डबा ठेवून गेला. परत येऊन बघते तर लिफ्टपाशी माझा डबा, भरलेला, आणि दोनला तो न्यायला येणार होता तो खाली उभाच. भरलेला डबा घरी गेला असता तर काय झालं असतं हे बायकांना सांगायला नको.

हिशेबनीस

मग डब्याचं काय केलंत?

बोरीबंदर

डबेवाल्याला म्हटलं, दहा मिनिटं थांबा. आमच्या वॉचमनकाकांनी जिन्यात बसून खाल्ला. भेंडीत मीठ कमी होतं म्हणाले. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.